वस्तऱ्याचा निसणा घरच्या घरी

बारीक दाण्याचा परदेशी निसणा महाग पडतो. हजामतीचा व्यवसाय करणाऱ्या आमच्या बांधवांनी तो घ्यायलाच हवा असे आम्हास वाटत नाही. धारेला मुख्यतः सपाट बैठक लागते आणि ती जाड काचेवर स्वस्तात मिळते.

सुमारे १० मिलिमीटर जाडीची काच घ्यावी, कडा घासून बोथट कराव्यात. पाणी लावून तिच्यावर आधी १००० व मग २००० नंबरचा वॉटर पेपर बसवावा. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही कागदाला टेकलेली हवीत; पाठ उचलली की कोन बिघडला. धार पुढे ठेवून अलगद सरकवावे, उलटवताना पाठीवरच फिरवावे. जोर देण्याची सवय आपल्याकडे फार, आणि नेमकी तीच धार खाते.

ही धार गालाला अजून खरखरीत लागेल. म्हणून फळीवर चिकटवलेल्या चामड्याला क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पॉलिश चोळावी. इथे मात्र पाठ पुढे, नाहीतर चामडे कापले जाते.

असा वस्तरा एकाच माणसासाठी ठेवावा. चामोटी नीट निर्जंतुक करता येत नाही आणि हिपॅटायटिस बी डोळ्यांना न दिसणाऱ्या रक्तातूनही पसरतो. दुकानातल्या गिऱ्हाइकांना दर वेळी नवे अर्धे ब्लेडच लावावे. कुणी स्वतःचा वस्तरा आणला तर त्याची चामोटीही वेगळी ठेवावी.