जादा टाकी : सोय आणि जोखीम

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला आणि कोल्हापूर जिल्ह्यात पेट्रोलची टंचाई झाली. मोटारसायकलवर कापडाची गाठोडी बांधून लांबचे बाजार करणाऱ्या आम्हा कुरुंदवाडकरांना जादा टाकीचा मोह होतो, तो अशाच अनुभवाने.

टाकी बसवावी, पण समजून. दहा लिटर पेट्रोलचे वजन साधारण साडेसात किलो. म्हणून टाकी सीटजवळ, मधोमध, पक्क्या क्लॅम्पने बसवावी. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल उतारानेच जाते, तेव्हा टाकीचा तळ कार्बोरेटरहून उंच हवा. बीएस-६ च्या इंजेक्शन गाडीत पंप बहुधा मुख्य टाकीत असतो. तिथे जादा पेट्रोल मुख्य टाकीतच सोडावे लागते. झाकणात हवेची वाट नसेल तर धार थांबते. उन्हात पेट्रोल फुगते, म्हणून काठोकाठ भरू नये.

कारागीर बांधवांनो, वापरलेल्या टाकीला वेल्डिंग करू नका; रिकामी दिसली तरी आतल्या वाफेचा भडका उडतो. व्यापाऱ्यांनी मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ ध्यानात ठेवून आधी आरटीओत विचारावे, विमा कंपनीलाही कळवावे. गाठोड्याला पेट्रोलचा डबा टांगणे मात्र आजच बंद करावे. ठिणगी पडली तर माल जाईल आणि माणूसही.