चकाकते पोलाद आणि पितळी काडतूस

जिंतूरच्या डोंगरपट्ट्यात रोही आणि रानडुकरे हाताशी आलेले पीक तुडवून जातात, म्हणून परभणीस जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत शस्त्रपरवान्याचा अर्ज घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यास १९५९ चा शस्त्र कायदा जी वाट दाखवितो, ती ठासणीच्या बंदुकीची. रिव्हॉल्व्हरसाठी मात्र सबळ कारण दाखवावे लागते, पोलिसांचा अहवाल अनुकूल यावा लागतो, आणि कदाचित या दुर्लभतेमुळेच त्या चिमुकल्या आयुधाला आपल्याकडे जी प्रतिष्ठा लाभली, ती बिचाऱ्या ठासणीच्या नशिबी कधी आली नाही.

या प्रतिष्ठेचा बराचसा भाग त्याच्या झळाळीत आहे. जुन्या रिव्हॉल्व्हरांवर निळसर काळा मुलामा असे, आणि वैशाखातल्या घामाने किंवा चामडी म्यानात राहिलेल्या ओलीने त्यावर तांबूस ठिपके उमटत. १९६५ साली अमेरिकेतील स्मिथ अँड वेसन कंपनीने ‘मॉडेल ६०’ हे स्टेनलेस पोलादाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. या पोलादात दहा टक्क्यांहून अधिक क्रोमियम असल्यामुळे पृष्ठभागावर एक अदृश्य थर धरतो आणि ओरखडा पडला तरी हवा लागताच तो पुन्हा सांधला जातो. यंत्ररचनेचे मूलतत्त्व मात्र सॅम्युएल कोल्टच्या १८३६ च्या पेटंटातलेच राहिले: घोडा मागे सरकला की चक्री एक घर फिरते आणि नवे काडतूस नळीसमोर येते.

माझ्या मते खरे कौतुक करावे ते या काडतुसाचे. लष्करी व पोलिसी बोअरची शस्त्रे नागरिकास वर्ज्य असल्यामुळे आपल्याकडे रूढ झाले ते .३२ बोअर, आणि त्याचे काडतूस १८९६ पासूनचे आहे. पितळी नळकांडे, तळाशी घरात अडकून राहणारी बाहेर आलेली कड, मधोमध आघाताने पेटणारी टोपी, आत धूररहित दारू आणि मुखाशी सुमारे सहा ग्रॅमची शिशाची गोळी, एवढाच त्याचा संसार. दारू पेटताच पितळ फुगून घराच्या भिंतीला घट्ट चिकटते व वायूला मागची वाट बंद करते. क्षणार्धात ते पुन्हा आकसते, म्हणूनच रिकामे टरफल सहज निघते. चक्री आणि नळी यांच्यामध्ये केसाएवढी फट असते, तिच्यातून निसटणारी झळ ज्याने पाहिली आहे तो तेथे बोट नेत नाही.

कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये ‘निर्भीक’ नावाचे, अर्ध्या किलोचे, टायटॅनियम मिश्रधातूचे रिव्हॉल्व्हर स्त्रियांसाठी म्हणून काढले, तेही .३२ चेच. धातू बदलला, काडतूस तेच राहिले.

कायद्याची नजरही काडतुसावर तितकीच कडक आहे. एका वेळी किती बाळगावीत आणि वर्षाकाठी किती घ्यावीत याचा आकडा परवान्यावरच नमूद असतो, आणि परवान्यावाचून बाळगलेले एक काडतूसही गुन्ह्यास पुरते. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनांवरून पाच वर्षे झाली, शस्त्रांची मर्यादा मात्र तीनांवरून दोनांवर आली. आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की प्रशासनाचा हुकूम ज्याच्या नावे निघेल, त्याला आपले झळाळते पोलाद ठाण्यात जमा करून पावती घ्यावी लागते.