विश्लेषण : अलॉय व्हीलवरचे खड्डे घरी घालवता येतात का?

पावसाळा संपल्यावर गाडी नीट धुवायला घेतली की अलॉय व्हीलवरचे पांढरट डाग नजरेत भरतात. बोट फिरवले तर बारीक खड्डेही लागतात. नवा संच महाग, त्यामुळे वॉटर पेपर आणि पॉलिश आणून काम घरीच उरकण्याचा विचार येतो. ते जमण्यासारखे आहे. मात्र कोणते चाक घरी दुरुस्त करायचे आणि कोणते नाही, हे आधी ठरवावे लागते.

अॅल्युमिनियमला खड्डे का पडतात?

अलॉय व्हील प्रामुख्याने अॅल्युमिनियमचे असते. त्यात साधारण ७ टक्के सिलिकॉन आणि थोडे मॅग्नेशियम असते. हवा लागताच अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर तयार होतो आणि तोच धातूचे रक्षण करतो. मिठातील क्लोराइड हा थर जागोजागी भेदतो. मग झीज एकेका ठिपक्यापाशी खोल उतरते. म्हणून मुंबई, रत्नागिरी, मालवणसारख्या खाऱ्या हवेच्या भागात हा त्रास अधिक.

चाकावर रंग आणि पारदर्शक लॅकर असते. फुटपाथच्या कडेला घासून किंवा खडी लागून लॅकर फुटले की पाणी खाली शिरते आणि आतल्या आत पांढऱ्या, अळीसारख्या रेषा पसरतात. चाकाला चिकटून राहिलेली ब्रेकची लोहयुक्त भुकटी त्यात भर घालते.

कोणत्या चाकाला घरी हात लावू नये?

तडा गेलेले, वाकलेले किंवा धातूचा तुकडा उडालेले चाक घासत बसू नये. अशा जागी पुट्टी भरली तर तडा झाकला जातो, चाकाची ताकद परत येत नाही. आरे जिथे रिमला मिळतात ती जागा आणि चाकाची आतली बाजू उजेडात तपासावी. हवा सतत कमी होत असेल तर टायर बसतो त्या कडेला साबणाचे पाणी लावावे; बुडबुडे आले तर काम टायरवाल्याचे. ‘डायमंड कट’ चाकांवरच्या बारीक गोल रेषा लेथवर कातलेल्या असतात, हाताने त्या परत आणता येत नाहीत.

काम कसे करतात?

खड्डा ‘भरून’ येत नाही. आजूबाजूचा धातू खड्ड्याच्या तळापर्यंत घासून खाली आणावा लागतो. म्हणून नखाला जेमतेम लागणारे खड्डे जातात. खोल खड्ड्यांपायी जास्त धातू घालवण्यात अर्थ नाही.

चाक उतरवून शाम्पूने धुवावे. टायर काढला नसेल तर रिम आणि टायरच्या फटीत जुने पत्ते खोचावेत. उरलेले लॅकर पेंट रिमूव्हरने काढावे. मग पाणी लावत ३२० किंवा ४०० नंबरच्या वॉटर पेपरने सुरुवात करून ६००, ८००, १२००, २००० असे वर जावे. प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा बदलावी. आधीचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा कागद घेऊ नये. घाई केलेला ओरखडा पॉलिशनंतर जास्तच चमकतो. शेवटी मेटल पॉलिश आणि मऊ कापड.

पॉलिश की रंग?

आरशासारखी चमक दिसते छान, पण उघडा धातू पावसात पुन्हा मंदावतो. वॅक्स लावून वरचेवर पॉलिश करण्याची तयारी हवी. गुळगुळीत पृष्ठभागावर लॅकर नीट धरत नाही. किनारपट्टीवर रंग अधिक टिकाऊ. त्यासाठी ४०० ते ६०० नंबरवरच थांबावे, चाक तेलकटपणा जाईपर्यंत पुसावे, अॅल्युमिनियमला चालणारा प्रायमर, रंगाचे पातळ हात आणि वर लॅकर द्यावे. हबला टेकणारी बाजू आणि नटांच्या बैठका मात्र कोऱ्या ठेवाव्यात. तिथे रंगाचा थर दबला की नट सैल होऊ शकतात.

धोके कोणते?

कॉस्टिक सोडा अॅल्युमिनियम खातो आणि त्यातून हायड्रोजन निघतो. काही व्हील क्लीनरमध्ये फ्लोराइडयुक्त आम्ले असतात, ती त्वचेतून आत जाऊन गंभीर इजा करतात. लेबल वाचूनच बाटली घ्यावी. अॅल्युमिनियमची कोरडी भुकटी पेट घेऊ शकते, म्हणून घासणे ओलेच. हातमोजे, चष्मा, मास्क हवेतच. रंग लवकर वाळावा म्हणून चाक भट्टीत किंवा बर्नरवर तापवू नये. कारखान्यात उष्णता देऊन आणलेली ताकद जास्त तापवल्याने कमी होते.

चाक बसवताना नट समोरासमोरचे, ताऱ्याच्या आकारात आवळावेत, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने. ५० ते १०० किलोमीटर चालवल्यावर ते पुन्हा तपासावेत. टायर काढला असेल तर बॅलन्सिंगही करून घ्यावे.