ड्रोन जागेवर स्थिर का राहत नाही?
जी. पी. एस. मॉड्यूलच्या जोडणीतील दोष व त्यांची तपासणी

मिरा-भाईंदर परिसरातील राई, मुर्धा व मोर्वा ही भातशेतीची जुनी गावे होत. एका बाजूस खाडी, दुसऱ्या बाजूस वाढते शहर आणि मध्ये अरुंद खाचरे, अशी तेथील स्थिती आहे. अशा जागी फवारणीचा ड्रोन चार हात जरी सरकला, तरी औषध शेजाऱ्याच्या पिकावर किंवा बांधावरील मजुराच्या अंगावर पडते. म्हणून ड्रोनला आपले स्थान अचूक कळणे अगत्याचे आहे.

हे काम दोन साधने मिळून करतात. जी. पी. एस. मॉड्यूल ड्रोन कोठे आहे हे सांगते, तर त्याच डबीत बहुधा बसविलेले होकायंत्र त्याचे तोंड कोणत्या दिशेस आहे हे सांगते. या दोहोंच्या आधारे उड्डाण-नियंत्रक पंख्यांची गती ठरवितो. दोष आढळल्यास प्रथम पंखे काढून ठेवावेत आणि पुढील क्रमाने तपासणी करावी.

१. तारा : मॉड्यूलची माहिती पाठविणारी तार नियंत्रकाच्या माहिती घेणाऱ्या टोकास जोडावी. पाठविणारे टोक पाठविणाऱ्यासच जोडल्यास काहीच कळत नाही. ही चूक सर्रास आढळते. होकायंत्राच्या दोन तारा वेगळ्या असतात, त्याही पाहाव्यात.

२. वेग : ज्या पोर्टला तारा जोडल्या, तेच पोर्ट सॉफ्टवेअरमध्ये जी. पी. एस.साठी नेमलेले असावे. बॉड रेट, म्हणजे माहिती पाठविण्याचा वेग, दोन्हीकडे सारखा असावा. जुन्या मॉड्यूलांत तो बहुधा ९६०० असतो.

३. आकाश : जी. पी. एस.चे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात. स्थान निश्चित होण्यास किमान चार उपग्रह दिसावे लागतात. उड्डाणास त्याहून बरेच अधिक हवेत. घरात तपासणी करून मॉड्यूल बिघडले असे ठरवू नये. उंच इमारतींजवळ परावर्तित लहरींमुळे स्थान चुकते, म्हणून मोकळ्या शेतात काही मिनिटे थांबावे.

४. होकायंत्र : पुरेसे उपग्रह दिसत असूनही ड्रोन जागेवर न थांबता वाढत्या वर्तुळात फिरू लागला, तर दोष बहुधा होकायंत्राचा असतो. डबीवरील बाण नाकाच्या दिशेस आहे ना, हे पाहावे. बॅटरीच्या जाड तारांतील प्रवाह होकायंत्रास भुलवितो. म्हणून डबी उभ्या दांडीवर उंच बसवावी. होकायंत्राचे समायोजन इमारतीच्या गच्चीवर करू नये, कारण स्लॅबमधील लोखंडी सळया दिशा बिघडवितात. मोटारगाडी व मोबाईलही दूर ठेवावेत.

या सावधगिरीस मुंबईचाच पूर्वेतिहास साक्षी आहे. कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत असे. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरल्यावर त्या प्रवाहाने नोंदी बिघडतील हे ओळखून, डॉ. नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत, १९०४ मध्ये अलिबाग येथे नवी चुंबकीय वेधशाळा सुरू करण्यात आली. ट्रामच्या प्रवाहापासून वेधशाळा जशी दूर नेली, तसेच ड्रोनचे होकायंत्रही बॅटरीच्या प्रवाहापासून दूर ठेवावयाचे, एवढाच याचा बोध.

सर्व तपासणी झाल्यावर पंखे बसवून, टाकीत औषध न भरता, दोन-तीन मीटर उंचीवर पहिले उड्डाण करावे. जी. पी. एस.वर न चालणाऱ्या पद्धतीकडे तत्काळ वळण्याची तयारी ठेवावी. ड्रोन नियम, २०२१ नुसार त्या जागी उड्डाणास मुभा आहे काय, हे हवाई क्षेत्राच्या सरकारी नकाशावर आधी पाहावे. ड्रोन एका जागी स्थिर राहील तेव्हाच टाकीत औषध भरावे. फवारणी एक दिवस लांबली तरी चालेल. भरकटलेल्या ड्रोनने केलेले नुकसान मात्र भरून येत नाही.