रात्री बाथरूमपर्यंत कोण नेणार?

मावशीसाठी जागा शोधताना आम्ही बाग पाहिली, देऊळ पाहिलं, जेवणाची चव घेतली. रात्री तिला बाथरूमपर्यंत कोण नेईल, हे विचारायचं राहून गेलं. तिसऱ्याच आठवड्यात ती पहाटे पडली आणि चहा घेऊन तिथली मुलगी येईपर्यंत तशीच फरशीवर पडून होती. जागा वाईट नव्हती. ती स्वतःचं स्वतः करणाऱ्यांसाठी होती. मावशी आता त्यांच्यातली राहिलेली नाही, हे आम्हीच मान्य केलं नव्हतं.

'वृद्धाश्रम' म्हटलं की सगळं एकच, हा मोठा गैरसमज. निराधारांचा आश्रम वेगळा. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यात जिल्ह्यागणिक किमान 150 ज्येष्ठांच्या सोयीचा उल्लेख आहे, तोही निराधारांसाठीच. हिंडत्याफिरत्यांसाठी ज्येष्ठ निवास असतो: आपली खोली किंवा फ्लॅट, जेवणाची एकत्र सोय. असिस्टेड लिव्हिंगमध्ये आंघोळ, कपडे, औषधं यांना हात दिला जातो. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी चोवीस तास नर्स असलेलं शुश्रूषा केंद्र लागतं.

यातलं कुठलं निवडायचं? "आईला ऐंशी पूर्ण झाली," "बाबांना शुगर आहे," असं सांगून लोक सल्ला विचारतात. वय किंवा आजाराचं नाव यावरून फारसं काही ठरत नाही. सिडनी कॅट्झ या अमेरिकी डॉक्टरांनी 1963 मध्ये सहा साध्या गोष्टींची मोजपट्टी मांडली, ती आजही वापरात आहे. आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि हाताने जेवणं. यातलं काय एकट्याने जमतं आणि कशाला माणूस लागतो? पैसे, औषधं, स्वयंपाक, फोन ही कामं याच्याही आधी हातातून निसटू लागतात, म्हणून तीही बघावीत. उत्तर मात्र फोनवरून मिळत नाही. फोनवर सगळेच आईवडील ठणठणीत असतात! एक अख्खा दिवस आणि एक अख्खी रात्र सोबत राहा. पलंगावरून उठताना ते किती वेळा प्रयत्न करतात, हे मोजा.

स्मृतिभ्रंशात ही मोजपट्टी चकवते. सहाही गोष्टी जमणारे काका गॅस चालू ठेवून बाहेर पडतात आणि घराचा रस्ता विसरतात. त्यांना नर्सपेक्षा सतत लक्ष असणारं, दारावर कुणी असणारं ठिकाण हवं.

"मग सगळ्यात जास्त देखभालीची जागाच घेऊ, काळजी नको." हेही चूक. चालू शकणाऱ्याला सोयीसाठी डायपर लावून बसवून ठेवलं, तर पायातली ताकद झपाट्याने जाते आणि ती परत मिळवणं फार अवघड. जेवढं जमतं तेवढं त्यांनाच करू देणारी जागा हवी.

"मेडिक्लेम आहे ना?" तो रुग्णालयातल्या उपचारांसाठी. आंघोळ घालणं, कपडे चढवणं, उठबस करवणं असली देखभाल पॉलिसीतल्या नेहमीच्या वगळणुकींमध्ये मोडते. केंद्राचं मासिक बिल पेन्शन आणि बचतीतूनच भरावं लागेल, हे धरून चाला.

रुंद दारं, लिफ्ट आणि आधाराचे कठडे दिसले की लोक निर्धास्त होतात. महारेराने 2024 मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी निकष ठरवले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण कठडा पडलेल्याला उचलत नाही. म्हणून दुपारी जागा आवडली तरी रात्री नऊनंतर पुन्हा जा. किती जणांमागे किती कर्मचारी जागे आहेत? खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलतात का आणि त्याची नोंद दाखवतात का? उद्या प्रकृती खालावली तर इथेच ठेवतील की "घेऊन जा" म्हणतील? हे शेवटचं उत्तर लेखी घ्या. चौकशीची सुरुवात कुठून करावी हे कळत नसेल, तर ज्येष्ठांसाठीची 14567 ही मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

मावशी आता दुसरीकडे असते. तिथे बाग नाही, खिडकीतून शेजारची भिंत दिसते. उशाशी पितळी घंटा टांगलेली आहे. मी एका रात्री तिथे राहिले, तेव्हा दोनच्या सुमाराला ती वाजली आणि व्हरांड्यातून चपलांचा आवाज लगेच जवळ आला.