शोभा डे: मॉडेल, संपादक, कादंबरीकार

शोभा डे या माहेरच्या राजाध्यक्ष. जन्म १९४८ चा, मराठी घरातला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून मानसशास्त्राची पदवी, मग मॉडेलिंग. पण नाव झाले ते लेखणीमुळे. १९७१ मध्ये निघालेल्या ‘स्टारडस्ट’ या सिनेमासिकाच्या त्या संपादक झाल्या. इंग्रजीत बंबइया हिंदी मिसळलेली चटपटीत भाषा ही त्याची खूण. पुढे ती त्यांच्या कादंबऱ्यांतही उतरली. ‘सोशलाइट इव्हिनिंग्ज’ ही पहिली कादंबरी १९८९ ची, मुंबईच्या श्रीमंत वर्तुळातल्या स्त्रीची. ‘स्टारी नाइट्स’मध्ये हिंदी चित्रसृष्टी आली. समीक्षकांनी नाके मुरडली, वाचकांनी (चोरून का होईना) पुस्तके वाचलीच. ‘सिलेक्टिव्ह मेमरी’ हे आत्मकथन १९९८ चे. त्यांच्या लेखनाची ओळख करून घ्यायची तर सुरुवात यानेच करावी.