उभ्या गाडीची बॅटरी कोण खातं? वीज नसलेल्या आखाड्यावरचं एक छोटं संशोधन



पेट, सेट, नेटची तयारी करणारे बरेच जण एकच गोष्ट विचारतात, "मॅडम, संशोधनाचा प्रश्न सापडतो कुठे?" आज त्यावर थिअरी नको. माझ्या घरचाच एक प्रश्न सांगते. त्यात गृहीतक आहे, मोजमाप आहे, माझी एक ठळक चूक आहे आणि शेवटी उत्तरही आहे.

तर झालं असं. आई-आप्पा औसा तालुक्यात शेतातल्या आखाड्यावर राहतात. आखाड्यावर घरगुती मीटर नाही. शेतीच्या फीडरला वीज पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री, आणि ती मोटारीपुरती. पत्र्याच्या शेडमध्ये आमची जुनी, छोटी पेट्रोल गाडी उभी असते. महिन्यातून एखाद्या वेळी लातूरला यायला, नाहीतर लग्नकार्याला निघते. बाकी दिवस नुसती उभी.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये रात्री दीड वाजता आईला दम्याचा जोराचा अटॅक आला. आप्पांनी चावी फिरवली. टक् असा एक आवाज आला आणि संपलं. धक्का मारून चालू करावी तर बाहेर काळ्या मातीचा चिखल आणि माणसं दोनच, त्यातलं एक दम लागलेलं. मी लातूरला रूमवर होते, फोनवर सगळं ऐकत होते. शेवटी गावातून चुलत भाऊ जीप घेऊन आला, त्यात चाळीस मिनिटं गेली. आई वाचली, आता बरी आहे. पण माझी पीएचडी विजेचा साठा करणाऱ्या इलेक्ट्रोडवर आहे, आणि घरच्या गाडीत साठाच नव्हता. ते मनाला लागलं.

पहिलं गृहीतक, आणि ते का पडलं

बॅटरी 10.9 व्होल्टवर आली होती. गॅरेजवाले म्हणाले, "बॅटरी गेली, नवी घ्या." आप्पांचं मत वेगळं होतं. "मी दर आठ दिवसाला गाडी पाच-दहा मिनिटं चालू करून ठेवतो ना, त्या स्टार्टरनंच बॅटरी खाल्ली."

दोन्ही मतं ऐकायला बरोबर वाटतात. म्हणून आधी आकडे मांडू.

स्टार्टर मोटर साधारण 150 अँपिअर ओढते असं धरा आणि इंजिन पेटायला 3 सेकंद लागतात असं धरा. 150 गुणिले 3 म्हणजे 450 अँपिअर-सेकंद. याला 3600 नं भागलं की 0.125 अँपिअर-तास. आमच्या बॅटरीची क्षमता 35 अँपिअर-तास. म्हणजे एका स्टार्टला अर्धा टक्कासुद्धा खर्च होत नाही!

मग खातंय कोण?

गाडी बंद असली तरी पूर्ण बंद नसते. घड्याळ, सेंट्रल लॉक, अलार्म, इंजिनच्या कॉम्प्युटरची मेमरी, हे सगळं थोडा थोडा करंट घेत राहतं. ही गळती बहुतेक गाड्यांत 20 ते 50 मिलिअँपिअर असते. ती मोजायची तर बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवायचं आणि टर्मिनल व वायर यांच्या मधे मल्टिमीटर जोडायचा, आधी 10 अँपिअरच्या रेंजवर. मीटर जोडलेला असताना गाडी चुकूनही स्टार्ट करायची नाही, मीटरचा फ्यूज उडतो.

इथे माझी चूक झाली. मीटर जोडला, आकडा आला 210 मिलिअँपिअर. मी वहीत लिहिलं, "वायरिंगमध्ये दोष." आप्पांना फोन करून सांगूनही टाकलं. नंतर चहा पिऊन परत बघते तर आकडा 32 वर! दार उघडलं-लावलं की गाडीतले कंट्रोल युनिट जागे होतात आणि झोपायला वीस-तीस मिनिटं घेतात. मी जाग्या गाडीचा करंट मोजला होता. लॅबमध्ये रीडिंग स्थिर होईपर्यंत थांबायचं हे मी ज्युनिअरना रोज सांगते. घरी मात्र मीच थांबले नाही.

आता खरा आकडा घेऊ. 32 मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला सुमारे 0.77 अँपिअर-तास. त्यात बॅटरीचं स्वतःचं आतलं डिस्चार्ज मिळवायचं. लेड-ॲसिड बॅटरी काही न जोडताही महिन्याला 3 ते 5 टक्के उतरते, आणि तापमान 10 अंशांनी वाढलं की हा वेग साधारण दुप्पट होतो. आपल्याकडचा उन्हाळा धरून एकूण खर्च दिवसाला 0.9 अँपिअर-तास धरू. म्हणजे तीन आठवड्यांत जवळजवळ 19 अँपिअर-तास. अर्ध्याहून जास्त बॅटरी रिकामी!

दुसऱ्या बाजूनं बघा. एका स्टार्टला जेवढी वीज लागते, तेवढी ही 32 मिलिअँपिअरची गळती चार तासांत खाते. आप्पांचा स्टार्टर निर्दोष होता. पण त्यांचा उपायही अपुरा होता. पाच-दहा मिनिटांत आयडलिंगवर बॅटरीत फार तर एक-दोन अँपिअर-तास परत जातात, आणि आठवड्याचा खर्च सहाच्या वर. जमेपेक्षा खर्च जास्त, मग खातं बुडणारच. 2020 च्या लॉकडाउनमध्ये घरोघरी उभ्या गाड्यांच्या बॅटऱ्या उतरल्या, त्याचं गणितही हेच.

उतरली तर बिघडलं काय, परत चार्ज करू की!

असं वाटतं खरं. पण इथे रसायनशास्त्र आडवं येतं. 1859 मध्ये गास्तों प्लांते यांनी बनवलेल्या बॅटरीचं मूळ तत्त्व आजही तेच आहे. एका प्लेटवर शिसं, दुसरीवर लेड डायऑक्साइड, मधे सल्फ्युरिक ॲसिड. डिस्चार्ज होताना दोन्ही प्लेटवर लेड सल्फेट तयार होतं आणि ॲसिड पातळ होत जातं. लगेच चार्ज केलं तर हे बारीक सल्फेट परत विरघळतं. आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं तर त्याचे मोठे, कडक स्फटिक होतात आणि ते मग सहज परत फिरत नाहीत. याला सल्फेशन म्हणतात. बॅटरीची क्षमता कायमची कमी होते ती यामुळे. उभ्या गाडीची बॅटरी नुसती रिकामी होत नाही, ती रिकामी राहून मरते.

किती भरली आहे हे व्होल्टेजवरून कळतं, पण गाडी काही तास शांत उभी राहिल्यावर मोजलं तरच:

- 12.6 किंवा वर: भरलेली
- 12.4: सुमारे पाऊण
- 12.2: सुमारे अर्धी
- 12.0: सुमारे पाव

उपाय कोणता?

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे दहाचा पाना घेऊन निगेटिव्ह टर्मिनल सोडून ठेवणं. गळती शून्य, उरतं फक्त बॅटरीचं आतलं डिस्चार्ज. घड्याळ आणि रेडिओ परत सेट करावे लागतात, एवढंच. तुमची गाडी नुसती उभी ठेवायची असेल तर इथेच थांबा, पुढचं वाचायची गरज नाही.

आम्हाला ते चालणार नव्हतं. रात्री दीड वाजता, पावसात, टॉर्च तोंडात धरून आप्पांनी पाना शोधायचा? गाडी कधीही एका चावीत निघाली पाहिजे, ही आमची अट. संशोधनात अट आधी लिहायची असते, उत्तर तिच्यावरून ठरतं.

म्हणून सोलर पॅनल. दुकानदार म्हणाले, "10 वॅट पुष्कळ झालं." तपासून बघू. "12 व्होल्ट"चं पॅनल प्रत्यक्षात 17-18 व्होल्टला काम करतं, त्यामुळे 10 वॅटमधून करंट मिळतो सुमारे 0.55 अँपिअर. पॅनल तापलं की व्होल्टेज घसरतं, आणि बॅटरी भरायला 14 च्या वर लागतात, म्हणून ही शिल्लक ठेवलेली असते. लातूरकडे वर्षाची सरासरी दिवसाला साधारण 5 तास पूर्ण उन्हाएवढी आहे. गुणाकार 2.75 अँपिअर-तास. धूळ, मळणीचा भुसा, दिशा, वायर यांपायी निम्मं सोडून द्या, उरले 1.37. चार्ज कंट्रोलर स्वतः सुमारे 10 मिलिअँपिअर घेतो, म्हणजे दिवसाला 0.24. हातात 1.13, खर्च 0.9. जमलं!

पण थांबा. आईला अटॅक आला तो ऑगस्टमध्ये. पावसाळी झडीत ऊन निम्म्यावर आलं असं धरा. मग 10 वॅटमधून हातात उरतात फक्त 0.45. नापास. तोच हिशोब 20 वॅटला केला तर वाईट दिवसातही 1.13 मिळतात. पास. सरासरी दिवसावर केलेलं डिझाइन नेमकं गरजेच्या रात्री दगा देतं. म्हणून आम्ही 20 वॅट घेतलं.

जोडताना चार गोष्टी पाळल्या:

1. पॅनल काचेमागे न ठेवता पत्र्यावर, दक्षिणेकडे तोंड करून, साधारण 18 अंश कलानं बसवलं. लातूरचा अक्षांशही जवळपास तेवढाच आहे.
2. कंट्रोलर टाळला नाही. मोकळ्या पॅनलचं व्होल्टेज 21 च्या आसपास जातं. भरलेल्या बॅटरीला रोज तसं जोडलं तर ॲसिडमधलं पाणी उडतं आणि हायड्रोजन निघतो. बॉनेटजवळ विडी-सिगारेट अजिबात नको.
3. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडली, मग पॅनल. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलजवळच 5 अँपिअरचा फ्यूज टाकला.
4. लायटरच्या सॉकेटमधून चार्ज केलं नाही. बऱ्याच गाड्यांत चावी काढली की ते सॉकेट बंद होतं, आणि आपण समजतो चार्जिंग चालू आहे.

उन्हाळ्याची एक खास अडचण आहे. बॅटरी भरल्यावर 25 अंशाला 13.6 व्होल्टच्या आसपास धरून ठेवतात. तापमान प्रत्येक अंशानं वाढलं की हा आकडा सुमारे 20 मिलिव्होल्टनं उतरायला हवा, म्हणजे 40 अंशाला 13.3. स्वस्त कंट्रोलरला हे कळत नाही. म्हणून मे महिन्यात आप्पा दर पंधरा दिवसांनी डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघतात.

मग उपयोग झाला का?

गॅरेजमध्ये पूर्ण चार्ज केल्यावर तीच बॅटरी लोड टेस्टला उभी राहिली. नवी घ्यावी लागली नाही. सप्टेंबरमध्ये पॅनल न लावता तीन आठवडे ठेवली, 12.6 वरून 12.2 वर आली, गणिताशी जुळलं. ऑक्टोबरमध्ये पॅनल लावून तीन आठवडे ठेवली, 12.6 ची 12.6. मोजमाप नेहमी सूर्य उगवायच्या आधी, कारण दिवसा मीटर बॅटरीचं नाही, चार्जिंगचं व्होल्टेज दाखवतो.

हे सिद्ध झालं का? माझ्या गाइडनी लगेच विचारलं असतं, "ऑक्टोबरचं ऊन आणि सप्टेंबरचं ढगाळ आभाळ, तुलना कशी करतेस?" बरोबर आहे. म्हणून खरी परीक्षा या जुलैतली. सलग आठवडाभर झड लागली होती, आप्पांनी रोज पहाटे आकडा व्हॉट्सॲपवर पाठवला. सगळ्यात कमी आला तो 12.5.

आता तुमच्यासाठी काम. घरात महिनाभर उभी असलेली गाडी असेल तर पहाटे तिचं व्होल्टेज मोजा, आणि गळती मोजताना अर्धा तास थांबा. वहीत आधी अंदाज लिहा, मग आकडा. दोन्हीतला फरक कॉमेंटमध्ये कळवा, अंदाज चुकलेला असला तर नक्कीच. माझे 210 मी सांगितलेच आहेत.